पत्रिकेत जेवणाबद्दल काय लिहायचं? निमंत्रणापासून काउंटरवरच्या पाटीपर्यंत नेमके शब्द

संध्याकाळी साडेसातचा कार्यक्रम, नाशिकच्या गंगापूर रोडवरचं लॉन्स आणि पत्रिकेची शेवटची ओळ ‘अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे’. निम्मी मंडळी घरून जेवून येतात. निम्मी मंडळी वेळ पाहून जेवणच असणार असं धरतात आणि रिकाम्या पोटी येतात. साडेनऊला ढोकळा-समोशाची ताटली हातात पडली की ज्येष्ठांना रात्रीची गोळी कशावर घ्यायची हा प्रश्न पडतो, लहान मुलं कुरकुरायला लागतात आणि यजमान ओशाळतात. आचाऱ्याने सांगितलं तेवढं केलं, वाढप्यांनी होतं ते वाढलं. चुकला तो पत्रिकेतला शब्द.

जेवणाबद्दल पत्रिकेत जे छापलं जातं तो यजमानाने दिलेला शब्दच असतो. घरची चूल पेटवायची की नाही हे पाहुणा त्यावरून ठरवतो आणि किती पानं धरायची हे केटरर त्यावरून ठरवतो. म्हणून हा मजकूर छपाईवाल्याच्या नमुन्यातून उचलायचा नाही. आचाऱ्याशी बोलणी करण्याआधी, घरात बसून तो ठरवायचा.

आधी कागदावर चार उत्तरं

मजकूर लिहायला घेण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा. पोट भरेल असं जेवण आहे की तोंडात टाकण्यापुरतं? वाढायला सुरुवात केव्हा आणि बंद केव्हा? बोलावणं घरातल्या सगळ्यांना की एकाला? आणि ताटात काय नसणार, म्हणजे कांदा-लसूण, कंदमुळं, मांसाहार, तिखट यांपैकी काय? ही उत्तरं तयार असली की शब्द आपोआप सुचतो. नसली तर कितीही सुंदर वाक्य लिहा, पाहुणा फोन करून विचारणारच, ‘जेवण आहे ना?’ असे चार फोन आले की पत्रिका अपुरी आहे हे ओळखावं.

कोणता शब्द काय कबूल करतो

‘चहापान’ म्हणजे चहा, फार तर बिस्किटं. सभा, पुस्तक प्रकाशन, व्याख्यान, सोसायटीची वार्षिक बैठक यांना हा शब्द पुरेसा आहे. शंभर जणांसाठी छोट्या कपाने साधारण १० लिटर चहा लागतो. त्याला ६ लिटर दूध, ५ लिटर पाणी, १ किलो साखर आणि २५० ते ३०० ग्रॅम चहा पावडर धरा, उकळताना थोडा आटतो. बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा ठेवा आणि त्यावर तशी चिठ्ठी लावा, नाहीतर तो पहिल्या दहा मिनिटांत चुकून रिकामा होतो.

‘अल्पोपाहार’ म्हणजे नाश्ता. पोहे, उपमा, इडली, वडा, ढोकळा यांतलं एक-दोन आणि चहा. या शब्दाचं शुद्धलेखन निम्म्याहून अधिक पत्रिकांत चुकतं. ‘उपाहार’ म्हणजे खाणं आणि ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. अल्प आणि उपाहार मिळून ‘अल्पोपाहार’ होतं. ‘अल्पोपहार’ लिहिलं तर अर्थ होतो छोटीशी भेट. ‘उपहारगृह’ ही पाटीही याच चुकीने रंगवली जाते, ते ‘उपाहारगृह’ हवं.

या शब्दाला वेळेची मर्यादा आहे. सकाळी ८ ते १०.३० आणि संध्याकाळी ४ ते ६ या वेळांत तो शोभतो. दुपारी साडेबाराला किंवा रात्री आठला ‘अल्पोपाहार’ लिहायचा असेल तर बरोबर एवढं वाक्य हवंच : ‘जेवणाची व्यवस्था नाही, याची कृपया नोंद घ्यावी.’ हे लिहायला बऱ्याच जणांना संकोच वाटतो. पण पाहुण्याला उपाशी परत पाठवण्यापेक्षा हा संकोच हलका आहे. शंभर जणांच्या पोह्यांना ६ ते ७ किलो कोरडे जाड पोहे लागतात. नाश्ता म्हणून हे प्रमाण बरोबर आहे, पण लोक जेवण समजून आले तर ६० जणांतच पातेलं खरवडायची वेळ येते.

‘स्नेहभोजन’ म्हणजे पूर्ण जेवण आणि तेही एकत्र बसून. निरोप समारंभ, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, नव्या घरातली पहिली पार्टी यांना हा शब्द छान बसतो. लिहिताना एकच शब्द, मध्ये जागा नाही. ‘मेजवानी’ हा त्याहून मोठा शब्द आहे. तो वापरला की दोन-तीन गोडाचे पदार्थ आणि ताट भरलेलं हवं, नाहीतर शब्द मोठा आणि ताट लहान असं होतं.

‘सुरुची भोजन’ आणि ‘स्वरुची भोजन’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास छापले जातात. सुरुची म्हणजे चांगली चव. स्वरुची म्हणजे ज्याने-त्याने आपल्या रुचीप्रमाणे वाढून घ्यायचं, म्हणजेच बुफे. हा फरक शब्दकोशापुरता नाही. आजी-आजोबांना हातात ताट धरून उभ्याने जेवता येत नाही आणि ‘स्वरुची’ वाचलं की घरचे त्यांच्यासाठी आधी खुर्ची-टेबलाची चौकशी करतात. मात्र ‘स्वरुची’चा अर्थ सगळ्यांना कळेलच असं नाही. आमच्या मते सरळ ‘बुफे भोजन’ लिहावं आणि पुढे ‘ज्येष्ठांसाठी टेबल-खुर्चीची सोय आहे’ हे जोडावं.

‘पंगत’ लिहिणार असाल तर वेळेचा हिशोब मांडूनच लिहा. एका पंगतीला जेवायला ४० मिनिटं, पानं उचलून पुन्हा मांडायला १५ मिनिटं. ३०० पानं आणि १०० जणांची बसायची जागा असेल तर तीन पंगती, म्हणजे अडीच तास. साडेबाराला पहिली पंगत बसली तर तिसरी तीनला उठेल. मग पत्रिकेत ‘दु. १२.३० ते ३’ असंच हवं, ‘दु. १२.३० ते २’ लिहून चालणार नाही.

प्रसाद, महाप्रसाद, भंडारा

इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण हे शब्द घरगुती पत्रिकेत आणि सार्वजनिक फलकावर दोन्हीकडे येतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

‘तीर्थप्रसाद’ म्हणजे पळीभर तीर्थ आणि तळहातावरचा प्रसाद. सत्यनारायणाचा सव्वाच्या मापाने केलेला शिरा हा प्रसाद, ते जेवण नव्हे. ‘दर्शन व तीर्थप्रसाद : सायं. ५ ते ९’ असं वाचलेला पाहुणा घरी जाऊन जेवतो, आणि ते बरोबरच आहे. वास्तुशांतीला पूजेनंतर जेवणही असेल तर दोन्ही वेगळं लिहावं : ‘तीर्थप्रसाद व भोजन’. नुसतं ‘तीर्थप्रसादास यावे’ लिहून आत २०० पानांचं जेवण मांडलं तर निम्मं अन्न उरतं.

‘महाप्रसाद’ म्हणजे पोटभर जेवण, पण देवाला नैवेद्य दाखवून झालेलं. सप्ताहाची सांगता, काल्याचं कीर्तन, मंदिराचा वर्धापनदिन. या शब्दाने दार सगळ्यांना उघडं होतं. रस्त्याने जाणारा माणूस आत आला तर त्याला ‘आपण कोणाकडून?’ असं विचारता येत नाही. त्यामुळे मोजून पानं धरली आहेत अशा खासगी जेवणाला ‘महाप्रसाद’ म्हणू नये. महाप्रसादाला पदार्थही वाढवता येतील असे हवेत : भात-आमटी, पुरी-भाजी, बुंदी किंवा शिरा. गुलाबजाम नगावर मोजावे लागतात, बुंदी वाटीने वाढताना हात सैल-आवळ करता येतो. बहुतेक ठिकाणी महाप्रसाद कांदा-लसणाशिवायच अपेक्षित असतो, तेव्हा तुमच्याकडे तसा नसेल तर ‘भोजन’ हाच शब्द वापरा.

‘भंडारा’ एका दिवसाचा, ‘अन्नछत्र’ बरेच दिवस चालणारं, ‘अन्नदान’ हे कृतीचं नाव. २०२७ च्या सिंहस्थासाठी फलक रंगवणाऱ्या मंडळांनी हा फरक पाळला तर भाविकांची पायपीट वाचेल. ‘अन्नछत्र’ वाचून माणूस दुसऱ्या दिवशीही येतो. भंडारा कालच संपलेला असेल तर फलक त्याच रात्री उतरवायला हवा.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. दिंड्या नाशिकमधून जातात आणि ठिकठिकाणी सेवा देणाऱ्या मंडळांचे कापडी फलक लागतात. एकादशीच्या दिवशी फलकावर ‘महाप्रसाद’ लिहू नका. वारकऱ्याला तो वर्ज्य असतो आणि तो न थांबता पुढे जातो. तिथे ‘वारकऱ्यांसाठी फराळ व चहा’ हवं. दुसऱ्या दिवशी द्वादशीला ‘पारण्याची पंगत’ लिहा, मग थांबलेल्या दिंडीला बरोबर कळतं.

बुद्ध पौर्णिमेचं ‘खीरदान’ आणि भिक्खू संघाला दिलं जाणारं ‘भोजनदान’ हे शब्दही जसेच्या तसे ठेवावेत. त्यांच्या जागी ‘प्रसाद’ लिहू नये. भिक्खू मध्यान्हीनंतर जेवत नाहीत, म्हणून भोजनदानाची वेळ सकाळी ११ च्या आसपासची छापावी. रोजा इफ्तारच्या निमंत्रणात त्या दिवसाची इफ्तारची नेमकी वेळ मिनिटासह हवी. ‘सायंकाळी’ एवढ्याने भागत नाही.

किती जणांना बोलावलं, हे शब्दांत कसं उतरतं

ग्रामीण भागात आजही ‘आवतण’ दिलं जातं आणि त्यात माणसांचा आकडा आपोआप येतो. ‘चूलबंद आवतण’ म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्या माणसांपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. ‘घरटी एक’ म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस. इतके नेमके शब्द शहरी पत्रिकेत नाहीत. तिथे ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे सगळ्यांनाच छापून जातं.

हिशोब करून पाहा. ४०० पत्रिका वाटल्या आणि बोलावणं घरटी एक असेल तर ४०० पानं. सहकुटुंब असेल आणि घरात चार माणसं धरली तर १६०० पर्यंत. सगळे येत नाहीत हे खरं, पण कोण येणार नाही हे शब्दावरून कळत नाही. उपाय सोपा आहे. पत्रिकेवर नाव घालताना ‘श्री. व सौ.’ किंवा ‘सहकुटुंब’ हे हाताने लिहा, छापू नका. आणि लग्नाच्या तीन कार्यक्रमांपैकी ज्या जेवणाला बोलावलं आहे त्याच ओळीखाली खूण करा. हळदीचं जेवण घरच्यांपुरतं आणि लग्नाचं सगळ्यांना असेल, तर हळदीची ओळ मुख्य पत्रिकेत न घालता वेगळ्या चिठ्ठीवर द्यावी.

प्रसंगाचं नावच जेवणाचं असतं तेव्हा

काही समारंभांच्या नावातच जेवण आहे. ‘डोहाळजेवण’ म्हटलं की पान वाढलेलं हवं. फक्त ओटी भरून नाश्ता द्यायचा असेल तर ‘ओटीभरण व अल्पोपाहार’ लिहा. ‘केळवण’ हेही जेवणच, ग्रामीण भागातल्या बऱ्याच घरांत त्याला ‘गडगनेर’ म्हणतात. पुणे-मुंबईच्या पाहुण्यांना तो शब्द अडेल, पण गावाकडच्या माणसांना तोच जवळचा वाटतो. पाहुणे कुठले आहेत ते बघून निवडा. मुंजीतलं ‘मातृभोजन’ हा विधी आहे. त्याची वेळ पत्रिकेत छापली तर पाहुणे ती जेवणाची वेळ समजून तासभर आधी येऊन बसतात. बारशाला ‘घुगऱ्या’ असतील तर तेवढंच सांगा, कोणी जेवणाची वाट पाहत नाही.

हुरडा पार्टीला हमखास गोंधळ होतो. हुरडा, गूळ, चटणी, बोरं यांनी पोट भरल्यासारखं वाटतं, पण दुपारी दोनला लोक भाकरी-पिठलं शोधतात. ‘हुरडा व दुपारचे जेवण’ असं लिहा, किंवा ‘हुरडा : सकाळी १० ते १२.३०’ अशी वेळ बांधून द्या.

मिसळ पार्टी हा नाशिकचा स्वतःचा प्रकार. ती अल्पोपाहारही नाही आणि जेवणही नाही. रविवारी सकाळी ९ ते ११.३० अशी वेळ लिहिली की सगळ्यांना बरोबर कळतं की दुपारी उशिरा जेवलं तरी चालेल. बरोबर काय आहे ते लिहायला विसरू नका : पापड, दही, जिलबी. शंभर जणांना कोरडी मटकी ५ किलो (मोड आल्यावर दुपटीच्या आसपास भरते), शेव-फरसाण ५ किलो आणि माणशी तीन धरून ६ पावांच्या ५० लाद्या लागतात. रस्सा आणि तर्री वेगवेगळ्या पातेल्यात ठेवा आणि पाट्याही वेगळ्या लावा : ‘काळा रस्सा, मध्यम’ आणि ‘तर्री, तिखट’. एकच पातेलं ठेवलं तर पहिल्या ४० जणांना सगळी तर्री जाते आणि उरलेल्यांना पांचट रस्सा.

मालेगाव, बागलाण, कळवण या बाजूचं लग्न असेल आणि जेवणात वरण-बट्टी, वांग्याची भाजी असेल तर ते पत्रिकेतच लिहावं. ‘भोजन’ लिहून गप्प बसण्यापेक्षा ‘वरण-बट्टीचे भोजन’ या दोन शब्दांनी माणसं आवर्जून वेळेवर येतात. खापराची पुरणपोळी असेल तर तिचंही तसंच.

मांसाहार

‘सामिष’ आणि ‘निरामिष’ हे शब्द टाळा. बरेच वाचक ते उलटे वाचतात. ‘शाकाहारी’ आणि ‘मांसाहारी’ लिहा. जावळ, कंदुरी, काही घरांतलं जागरण-गोंधळ इथे बोलताना ‘तिखटाचं जेवण’ म्हटलं की सगळं कळतं, पण छापील मजकुरात नवख्या पाहुण्याला ते नुसतं झणझणीत जेवण वाटू शकतं. तिथे असं लिहा : ‘मांसाहारी भोजन. शाकाहारी पंगत स्वतंत्र, वेगळ्या भांड्यांत केलेली.’ शेवटचे तीन शब्द शाकाहारी पाहुण्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहेत. अर्थात, तसं खरोखर केलेलं असेल तरच ते लिहायचे.

‘कांदा-लसूण नाही’ : हा शब्द खरा करणं सर्वांत अवघड

लासलगावच्या जिल्ह्यात कांद्याशिवाय फोडणी बसत नाही, आणि म्हणूनच हे वाक्य इथे जास्त वेळा खोटं पडतं. खोटेपणा मुद्दाम केलेला नसतो. आचारी कांदा चिरत नाही, लसूण सोलत नाही आणि मनापासून सांगतो, ‘घातलेलं नाही.’ पण भाजीत तो काळा मसाला घालतो. आपल्याकडचा काळा मसाला कांदा आणि खोबरं खरपूस भाजून केलेला असतो, बऱ्याच घरांत लसूणही. डब्यात तो काळा, कोरडा, सुगंधी असतो आणि त्यात कांदा डोळ्यांना दिसत नाही. डबा उघडून चिमूटभर मसाला तळहातावर चोळून वास घ्या, भाजक्या कांद्याचा गोडसर वास लगेच येतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मसाला बदलून गोडा मसाला घ्यायला सांगा, त्यात सहसा कांदा-लसूण नसतो. विकतचा असेल तर पाकिटावरचे घटक वाचा.

दुसऱ्या जागा : लसूण शेव, मिसळीचं फरसाण, लसणाचे पापड, तयार चटणी आणि पनीरच्या भाजीसाठी आणलेली तयार ग्रेव्ही. या पाच गोष्टी तपासल्याशिवाय ‘कांदा-लसूणविरहित’ ही पाटी लावू नका.

‘जैन’ हा शब्द याहून कडक आहे. त्यात कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, आलं ही कंदमुळंही नाहीत. कांदा-लसूण नसलेल्या बटाट्याच्या भाजीवर ‘जैन’ अशी पाटी लावणं ही नेहमीची चूक. शिवाय सूर्यास्तापूर्वी जेवणारी मंडळी असतात. रात्रीचा स्वागत समारंभ असेल तर ‘जैन भोजन सायं. ५.३० पासून’ अशी ओळ वेगळी द्यावी, आणि साडेपाचला पान खरंच तयार ठेवावं.

उपवासाचं जेवण

‘फराळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, उपवासाचा आणि दिवाळीचा. तारीख दिवाळीची नसली तरी ‘उपवासाचा फराळ’ असंच लिहा. ‘फलाहार’ म्हणजे फक्त फळं (आणि दूध), त्यात साबुदाणा येत नाही. नाशिककर ‘भगर’ म्हणतात, बाहेरचे पाहुणे ‘वरीचे तांदूळ’. पाटीवर दोन्ही लिहावं.

उपवासाला काय चालतं हे घराघरांत वेगळं असतं. जिरं, कोथिंबीर, हळद यांवर दोन सख्ख्या जावांचंही एकमत नसतं. म्हणून नुसतं ‘उपवासाचे’ लिहून थांबू नका, घटक लिहा : ‘साबुदाणा खिचडी : शेंगदाणे, बटाटा, जिरं, हिरवी मिरची, तूप.’ ज्याला जिरं चालत नाही तो स्वतःच दुसरीकडे वळेल. आणि आचाऱ्याला एक गोष्ट निक्षून सांगा, साबुदाणा वडे बटाटेवड्यांच्या तेलात तळायचे नाहीत. त्या तेलात बेसन उतरलेलं असतं.

काउंटरवरची पाटी

पाटीवर तीन गोष्टी हव्यात : पदार्थाचं रोजच्या बोलण्यातलं नाव, मुख्य घटक आणि तिखटपणा. ‘शाही दरबारी खजाना’ वाचून कोणालाच काही कळत नाही, प्रत्येक जण वाढप्याला विचारतो आणि रांग अडते. ‘पनीर-मटार, मध्यम तिखट’ वाचलं की रांग चालते. अक्षर हाताच्या अंतरावरून वाचता यावं एवढं मोठं आणि पाटी पातेल्याच्या झाकणावर नको. झाकण उघडलं की पाटी उलटी होते.

शेंगदाण्याचा उल्लेख कटाक्षाने करा. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट दिसत नाही आणि ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी ते जिवावरचं ठरू शकतं. ‘कोशिंबीर (दाण्याचं कूट आहे)’ एवढं पुरतं. गव्हाचं पथ्य असणाऱ्यांसाठी हिंगाकडे लक्ष द्या. बाजारातल्या बांधानी हिंगात सहसा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे साध्या वरणातूनही गहू जातो.

काही शब्द वापरण्याआधी माल खरंच तो आहे का ते बघावं. ‘साजूक तुपातली जिलबी’ लिहिलं तर साजूक तूपच हवं, डालडासारखं वनस्पती तूप नाही. वनस्पती तेलापासून केलेल्या पांढऱ्या वड्यांना ‘पनीर’ म्हणता येत नाही आणि दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेला गोठवलेला पदार्थ म्हणजे ‘आइस्क्रीम’ नव्हे, त्याच्या डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असं छापलेलं असतं. डबा हातात घेऊन वाचा. ‘हापूसचा आमरस’ लिहायचं तर आंबा हापूसच हवा, नाहीतर नुसतं ‘आमरस’ लिहा, ताटाची शोभा कमी होत नाही. गुळाच्या पदार्थाला ‘मधुमेहींसाठी’ म्हणू नका, गुळातही साखरच असते. ‘गुळाची’ एवढंच खरं आहे.

केटररला द्यायची यादी

केटररबरोबरच्या यादीत विशेषणं नकोत, मापं हवीत. ‘एक गोड’ असं लिहू नका. ‘जिलबी, माणशी १०० ग्रॅमप्रमाणे, १०० पानांस १० किलो’ असं लिहा. गुलाबजाम असेल तर ‘माणशी २ नग’. पोळी-पुरीबरोबर भात असेल तर १०० पानांना तांदूळ ८ ते १० किलो, वरणाला तूरडाळ ४ किलो. महाप्रसादात भात हेच मुख्य अन्न असेल तर तांदूळ १२ किलोपर्यंत न्या.

‘अमर्यादित’ हा शब्द आला की तो कशाला लागू आहे ते विचारा. बऱ्याचदा भाजी-पोळी अमर्यादित असते, पण गोड आणि स्टार्टर मोजून. यादीत प्रत्येक पदार्थापुढे ‘मोजून’ किंवा ‘मागाल तितके’ यांतलं एक लिहून घ्या. किमान किती पानांचे पैसे द्यायचे, वाढीव पानाचा दर काय, पानं कशावरून मोजणार (वाटलेली ताटं की धुवायला आलेली ताटं), दर जीएसटीसह की वेगळा, उरलेलं अन्न कोणाचं हेही त्याच कागदावर हवं. वर केटररचा १४ अंकी अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना क्रमांक लिहून घ्या. पत्रिकेतला शब्द आणि या यादीतला शब्द एकच आहे ना, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासा. पत्रिकेत ‘भोजन’ आणि यादीत ‘स्नॅक्स व चाट’ असा प्रकार नेहमी इथेच सापडतो.

क्रियापद जपून

भोजन ‘करावे’ किंवा त्याचा ‘आस्वाद घ्यावा’. महाप्रसादाचा ‘लाभ घ्यावा’. अल्पोपाहार नुसता ‘घ्यावा’. ‘अल्पोपाहाराचा लाभ घ्यावा’ हे सरकारी योजनेसारखं वाटतं. ‘भोजन करूनच जावे’ यातला ‘च’ फार कामाचा आहे, आग्रह सगळा त्या एका अक्षरात येतो.

तयार वापरता येतील असे काही मजकूर :

विवाह : ‘विवाह मुहूर्त दु. १२.३५. भोजन स. ११.३० ते दु. ३. लांबून येणाऱ्यांनी आधी भोजन करावे, ही विनंती.’

वास्तुशांत : ‘पूजा स. ९. तीर्थप्रसाद व भोजन दु. १२.३० पासून. कांदा-लसूणविरहित पंगत स्वतंत्र.’

व्याख्यान : ‘कार्यक्रमापूर्वी सायं. ५.३० वाजता चहापान.’ वेळ आधीची ठेवली की लोक वेळेवर येतात. नंतरची ठेवली तर आभारप्रदर्शनात खुर्च्या सरकायला लागतात.

दुःखाचा प्रसंग

दशक्रिया, तेरावा, वर्षश्राद्ध. इथे ‘स्नेहभोजन’, ‘आस्वाद’, ‘रुचकर’, ‘सुग्रास’, ‘आग्रहाचे निमंत्रण’ यांपैकी एकही शब्द नको. छपाईवाल्याचा तयार नमुना वापरताना लग्नाच्या पत्रिकेतली शेवटची ओळ तशीच राहून जाते आणि वाचणाऱ्याला ती टोचते. पदार्थांची नावं छापू नयेत. स्थळ मात्र स्पष्ट हवं, कारण विधी रामकुंडावर आणि जेवण घरी किंवा कार्यालयात असतं. एवढं लिहा : ‘दशक्रिया विधी : सकाळी ८, रामकुंड, पंचवटी. त्यानंतर राहत्या घरी भोजन.’ तेराव्याला ‘गोडजेवण’ हा शब्द घरोघर वापरतात आणि तो योग्य आहे. बाहेरगावच्यांसाठी ‘उत्तरकार्य व भोजन’ चालतं. बोलावताना ‘यावे’ पुरे, ‘अगत्य यावे’ नको.

फोनवरचा निरोप

व्हॉट्सॲपवरच्या निरोपात सगळ्यांत जास्त घोळ ‘चहाला या’ने होतो. संध्याकाळी पाचला ‘चहाला या’ म्हणजे चहाच. रात्री आठला तेच म्हटलं तर काका-काकू जेवून यावं की नाही या विचारात पडतात आणि विचारायला संकोचतात. म्हणून :

‘काका, काकू, रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायलाच या. साडेबाराला पान वाढू. काकूंचं तिखट वेगळं काढून ठेवते.’

किंवा, जेवण नसेल तेव्हा :

‘काका, शनिवारी जेवण झाल्यावर नऊ वाजता या दोघंही, कॉफी घेऊ आणि गप्पा मारू.’

दुसऱ्या निरोपात ‘जेवण झाल्यावर’ हे आधी आलं आहे, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागत नाही आणि ते तुटकही वाटत नाही.

छापल्यानंतर बदल झाला तर

पत्रिका वाटून झाल्यावर जेवणाची वेळ किंवा प्रकार बदलला, तर नुसता नवा फोटो गटावर टाकू नका. जुनी पत्रिका फ्रिजवर चिकटवलेली असते आणि लोक तीच वाचतात. बदल एका ओळीत, जुनं आणि नवं दोन्ही दाखवून लिहा : ‘पत्रिकेत भोजन रात्री ८ असे छापले आहे, ते सायं. ७ पासून आहे.’ ज्येष्ठांना फोन करा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी दारातच, चपला काढायच्या जागेवर, एक साधा फळा ठेवा : आज काय आहे, कुठे आहे, किती वाजेपर्यंत आहे. जैन आणि उपवासाच्या पानाची दिशा बाणाने दाखवा. खडू आणि फडकं फळ्याजवळच असू द्या, जिलबी संपली की ती ओळ लगेच पुसता येते.